चार माणसांचा श्वास

रेगेन्सबर्ग, २७ नोव्हेंबर २०१४

दादा,

जयभीम.

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे पत्र न फोडताच खणात टाकलं असतंस. म्हणून पत्ता स्नेहलताकडून लिहून घेतला आहे. ती माझ्याबरोबर काम करते, सोलापूरची आहे. एवढी लबाडी पोटात घाल. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सअॅपवर तुझा फोटो दिसत नाही, म्हणजे तिथेही मला दार बंद आहे. येत्या एक जानेवारीला सात वर्षं होतील. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

आधी हे वाच: आई बरी आहे. तिला खरचटलंसुद्धा नाही.

सोमवारी सकाळी आठच्या सुमाराला माझ्या गाडीची एका सायकलवाल्याला धडक बसली. आई शेजारच्या सीटवर होती. हेर (जर्मनमध्ये श्रीयुत) आइग्नर असं त्यांचं नाव, वय चौसष्ट. डोक्याला मार आहे, खुब्याचं हाड मोडलं आहे. डॉक्टरांनी औषधं देऊन झोपवून ठेवलं आहे. कधी उठवणार ते सांगत नाहीत, आणि उठतील का, हे विचारायची माझी हिंमत नाही.

दादा, मी घाबरले आहे. तुझी हर्षू पालीलासुद्धा कधी घाबरली नाही हे तुला माहीत आहे. पण आता दाराची बेल वाजली की मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावते. जिन्यात बूट वाजले की दिवा मालवते. इथे सरकारी कागद पिवळ्या पाकिटातून येतो, त्यामुळे खाली टपालाची पेटी उघडताना मी आधी एक डोळा मिटून फटीतून बघते. आईला वाटतं मला सर्दी झाली आहे.

काच साफ केली होती का, असं तू विचारशील. विचारायचा हक्क तुझाच आहे. तर केली होती. उणे सहा होतं आणि समोरची काच पार गोठली होती. आई बाल्कनीतून ओरडली, "अगं, किटलीभर कढत पाणी आणते, ओत आणि मोकळी हो!" मी म्हटलं, "आई, काच तडकेल." तर म्हणते, "मग एवढं शिकून केलंस काय?" खालच्या मजल्यावरच्या आजीबाई पडद्याआडून बघत होत्याच. इथे डोळ्यापुरतं भोक पाडून गाडी काढली तर दंड होतो, नुसतं इंजिन चालू ठेवून काचेवरचा बर्फ वितळवत बसलं तरी होतो. आणि माझं तर पोटच काचेवर आहे. मी खरवडणी घेऊन ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सगळा बर्फ काढला, बोटं बधिर होईपर्यंत.

माझं काम काय ते आईनं तुला सांगितलं आहे की नाही, कोण जाणे. आमच्याकडे एक मोठी थंड खोली आहे. तिथे गाडी उणे अठराला गोठवतात, काचेवर पाणी फवारून बर्फ धरू देतात आणि मग इंजिन चालू करतात. मी आत बसते आणि दर पाच मिनिटांनी काच कुठवर मोकळी झाली त्याची रेघ पेन्सिलीनं ओढते. वीस मिनिटांत ड्रायव्हरला दिसेल एवढी काच मोकळी व्हायला हवी, नाहीतर गाडी नापास. असं सोपं काम आहे, आणि ते मी चांगलं करते.

तर काच साफ होती. सूर्य समोरून आला. इथे नोव्हेंबरात सूर्य वर चढतच नाही, रस्त्यावर बसल्यासारखा असतो. पोलिसानं स्वतःच विचारलं, "सूर्य डोळ्यांवर आला का?" मी हो म्हटलं. त्यानं तेच लिहून घेतलं.

मी तुला का लिहिते आहे ते मलाही नीट सांगता येत नाही. आपल्या ओळखीत असं काही झालेला तू एकटाच आहेस. एवढंच विचारायचं आहे की त्या दिवसांत तू झोपायचास कसा?

हर्षू


रेगेन्सबर्ग, २ डिसेंबर

दादा,

पहिलं पत्र अजून तुला मिळालेलंही नसेल. तरी हे लिहिते, कारण त्यात मी अर्धंच लिहिलं.

पिवळं पाकीट आलं. आत फॉर्म आहे, आन्होरुंग म्हणतात त्याला. तुमच्यावर निष्काळजीपणानं दुखापत केल्याचा संशय आहे, तुमचं म्हणणं चौदा दिवसांत लिहून पाठवा. खाली बारा रिकाम्या ओळी आहेत. मी त्या मोजल्या आहेत.

वकीलबाईंकडे जाऊन आले. त्यांनी कागद बघितले, फोटो बघितले आणि म्हणाल्या, "हे बघा, फ्राऊ हिवराळे, फोटोत काच स्वच्छ दिसते आहे. सूर्याचं तुम्ही आधीच सांगितलं आहे. याच्यापुढे काहीही बोलायचं तुमच्यावर बंधन नाही. मी असते तर गप्प बसले असते." मी विचारलं, नोकरीचं काय होईल, निवासपरवान्याचं काय होईल. त्या म्हणाल्या, "गप्प बसलात तर बहुतेक काही नाही." मला इतकं बरं वाटलं की खाली उतरून मी बेकरीत दोन गोड पाव उभ्याउभ्या खाल्ले. आठ दिवसांत पहिल्यांदा घास गिळला.

मग कुठून बुद्धी झाली कोण जाणे, बस पकडून दवाखान्यात गेले. वाटलं, लांबून बघावं. वॉर्डात सोडलं नाहीच. पण कॉरिडॉरमध्ये एक बाई बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या, मांडीवर पुरुषाचा हिवाळी कोट घडी करून ठेवलेला. मी कोण ते त्यांनी ओळखलं. इथे त्या वॉर्डाबाहेर माझ्यासारखी दिसणारी दुसरी कोण उभी राहणार? त्या ओरडल्या नाहीत. उठल्याही नाहीत. म्हणाल्या, "मी त्यांची मुलगी. मला एकच सांगा, तुम्हाला समोरचं दिसत होतं का?"

दादा, मी पळाले. अक्षरशः पळाले, लिफ्टसाठीही थांबले नाही.

दिसत नव्हतं. धडक बसली असं मी तुला लिहिलं. बसली नाही, मी दिली.

सूर्य होता, हे खोटं नाही. पण काच आतून कोरडी असती तर मी डोळ्यांवरची उन्हाची झडप खाली केली असती, डोळे बारीक केले असते आणि मला दिसलं असतं. काचेवर आतून वाफ धरली होती आणि त्या वाफेवर ऊन पडलं, तेव्हा समोर पांढरं धोतर वाळत घातल्यासारखं झालं. मी गाडी थांबवायला हवी होती. मी हातानं पुसत पुढे नेली. हेर आइग्नर उजवीकडून आले. आधी जाण्याचा मान त्यांचाच होता.

वाफ धरली, कारण आई थंडीनं कुडकुडत होती. न्हाऊन ओल्या केसांनीच बसली होती, पायांत बर्फानं भिजलेले मोजे, मांडीवर चहाचा थर्मास. उशीर झाला होता, स्नेहलताला रजा होती, आईला तिच्याकडे सोडून मला कामावर पोचायचं होतं. म्हणाली, "हर्षे, पायावर गार वारं येतंय गं." आणि मी बाहेरची हवा बंद करून आतलीच हवा आत फिरवायचं बटण दाबलं. आपल्याकडे ते बटण धुळीमुळे बारा महिने दाबलेलंच असतं, कुणाला त्यात काही वाटत नाही. गाडी पटकन गरम होते. पण थंडीत आतल्या माणसांचा श्वास बाहेर जात नाही, तो काचेवर बसतो. हे मी गेली पाच वर्षं रिपोर्टात लिहिते आहे. नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवते. तरी हात गेला.

आणि पुरावा म्हणशील तर काही नाही. अपघातानंतर आम्ही दारं उघडी टाकून बाहेर धावलो. कोरडी थंड हवा आत आली की चार मिनिटांत वाफ जाते. पोलीस अकराव्या मिनिटाला आले. काच लखलखीत होती. मी हे गणित रस्त्यावर उभी असतानाच केलं, दादा. तो माणूस खाली पडलेला होता, मी त्यांच्या डोक्याखाली माझा स्कार्फ धरला होता आणि डोक्यात चार आणि अकरा चालू होतं. मला माझीच भीती वाटते आहे.

आज कामावर वाफेची चाचणी होती. त्यात श्वासासाठी गाडीत माणसं भरत नाहीत, एक छोटं यंत्र ठेवतात. पाणी तापवून ते ठरावीक वाफ सोडतं. यंत्रावर आकडा लावायचा असतो, किती माणसांचा श्वास ते. पूर्ण गाडीसाठी आम्ही चार लावतो. मी चार लावला आणि दार लावून आत बसले. काच खालून वर धूसर होत गेली. मला रेघ ओढता येईना. हात पेन्सिलीसकट मांडीवर पडून राहिला. बाहेरून कुणीतरी टकटक केलं, "आलेस गूट?" सगळं ठीक? मी मान हलवली.

चार माणसं, दादा. पाच वर्षं मी तो आकडा लावते आहे आणि दर वेळी आपल्याला मोजते. पुढे बाबा आणि तू, मागे आई आणि मी.

याच्यापुढचं आज नको.

हर्षू


रेगेन्सबर्ग, ६ डिसेंबर

दादा,

आज सकाळी आई पांढरी साडी नेसली. बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, आम्ही दोघींनी वंदना म्हटली. मग मी तिला फॉर्म दाखवला आणि म्हटलं, "आई, यात वाफेचं लिहावं असं मला वाटतं."

तिनं मेणबत्तीवरची नजर काढली नाही. म्हणाली, "कशाला?"

"खरं आहे म्हणून."

"त्यांना कोण सांगणार आहे? गाडीत तू आणि मी. मी मेले तरी बोलायची नाही."

"त्यांच्या मुलीनं विचारलं गं मला."

मग ती चिडली. आई चिडली की पदर कमरेला खोचते, तसा खोचला. "एका लेकराचं वाटोळं झालं तेवढं बस झालं. तुझ्या दादानं तरी तोंड उघडलं का? चार वर्षं कोर्टात तारखा खाल्ल्या, साहेबाची नोकरी हातची गेली, पण वकिलाला सांगितलं का त्यानं, की बटण हर्षीनं दाबलं? मग तू कशाला बोलतीस?"

मी खुर्चीवर बसले.

तुला माहीत होतं.

मी सात वर्षं समजत होते की कुणालाच माहीत नाही. अंधार होता, बाबा पुढे पेंगत होते, आईनं शालीत डोकं घातलं होतं. तुझं लक्ष रस्त्यावर. मीच मागून दोन सीटच्या मधून हात घातला आणि बाहेरची हवा बंद करायची दांडी सरकवली (आई बटण म्हणते ती हीच), कारण माझ्या पायांना थंडी वाजत होती. दरवर्षीप्रमाणे कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला आपण पहाटे निघालो होतो. औरंगाबाद सोडल्यावर तू खिडकी बोटभर खाली केली होतीस, तीही मीच कटकट करून वर करायला लावली. नेवाशाच्या अलीकडे पुढे उसाची ट्रॉली होती, मागे दिवा नाही, लाल फडकंसुद्धा नाही. धुकं बाहेर होतं तेवढंच आतही होतं. ट्रॉली दिसली तेव्हा उसाचे शेंडे काचेला लागले होते. बाबांच्या बाजूला.

आणि मग बाबांच्या पुण्यानुमोदनाला, भन्तेजी उठून गेल्यावर, श्रीधरकाका, आत्या, सगळी भावकी बसलेली असताना कुणीतरी विचारलं, असं झालंच कसं. तेव्हा मी म्हटलं, "दादाला साधी काच पुसता आली नाही." आठवतं का? तुला आठवत असणारच. तू तेव्हा हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतास. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं रागानं बघतो आहेस. तांब्या खाली ठेवून तू बाहेर गेलास आणि त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. मी सगळ्यांना सांगत फिरले, चूक स्वतःची आणि वर बहिणीवर राग.

काकांनी तुला नंतर कधी त्यांच्या गाडीला हात लावू दिला नाही. लेखी परीक्षा, मुलाखत सगळं पास होऊन तुझी नेमणूक चारित्र्य पडताळणीत अडकली, कारण केस चालू होती. निर्दोष सुटलास तेव्हा वय गेलं होतं. तू गणिताचे क्लास घेतोस, सायकलवर जातोस, असं आई सांगते. आणि मी जर्मनीत येऊन काच शिकले. इथल्या मुलाखतीत मला विचारलं होतं, हाच विषय का? मी सांगितलं, माझे वडील अशा अपघातात गेले. समोरच्या तिघांचे चेहरे उतरले. नोकरी मिळाली. बाबांच्या मरणावर मी नोकरी मिळवली, दादा, आणि त्यातही खरं सांगितलं नाही.

आईला मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?" म्हणाली, "मी शालीत होते, झोपले नव्हते." मग तुझ्याबद्दल म्हणाली, "पंधराव्या दिवशी त्यानं मला हात जोडले. म्हणाला, आई, तिचा पासपोर्ट व्हायचाय, तिचं नाव कुठंच येऊ द्यायचं नाही."

मला तुझा राग येतो आहे. खरंच सांगते. तू ओरडला असतास, सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत दिली असतीस, तर मी सात वर्षं असं बेशरमपणे जगले नसते. आता हे लिहिताना वाटतंय, बघ, अजून मी तुझ्यावरच ढकलते आहे.

चौदा दिवसांतले सहा उरले आहेत. हेर आइग्नर अजून झोपलेलेच आहेत. ते गेले तर फॉर्मवरचं कलम बदलेल, वकीलबाई म्हणाल्या. मला इतकी भीती वाटते की बारा ओळींपैकी पहिल्या ओळीवर मी फक्त तारीख घातली आहे.

हर्षू


रेगेन्सबर्ग, १५ डिसेंबर

दादा,

तुझं उत्तर आलेलं नाही. ते यावं म्हणून हे लिहीत नाही.

हेर आइग्नर गुरुवारी जागे झाले. डावा हात नीट हलत नाही, काही शब्द सापडत नाहीत, पण मुलीला ओळखलं. सायकल कुठे आहे म्हणून विचारलं म्हणे. हे मला वकीलबाईंकडून कळलं. पण फॉर्म मी त्याच्या आदल्या दिवशीच टाकला होता. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुला वाटेल, धोका टळल्यावर हिला सत्य सुचलं.

बारा ओळी पुरल्या नाहीत, मागे कागद जोडला. कामावर रिपोर्ट लिहिते तसंच लिहिलं. बाहेरचं तापमान, आत किती माणसं, बटण कोणी दाबलं, वाफ केव्हा दिसली, त्यानंतर किती अंतर मी न दिसता गाडी चालवली. साधारण नव्वद मीटर. पोलीस यायच्या आत काच कशी कोरडी झाली तेही लिहिलं, नाहीतर फोटो बघून ते माझ्यावरच विश्वास ठेवणार नाहीत. वकीलबाईंनी फोनवर ते मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "तुमच्यासारखं अशील मला पहिल्यांदाच मिळालं, आणि मी हे कौतुकानं म्हणत नाही."

पेटीत पाकीट टाकताना ते माझ्या हातातून सुटेना. एक म्हातारे गृहस्थ मागे हातात पत्र घेऊन थांबले होते, ते खाकरले, तेव्हा सोडलं. आता खटला होईल किंवा दंड होईल. लायसन्स काही महिन्यांसाठी तरी जाईल. कामावर साहेबांना मीच सांगितलं, ते म्हणाले बघू, आणि त्या बघूचा अर्थ मला लावता येत नाही. भीती गेलेली नाही. बेल वाजली की अजून पाय आधी बाथरूमकडे वळतात. फक्त आता मी दार उघडते.

हेर आइग्नरांच्या मुलीलाही लिहिलं. दोन ओळी. तुम्ही विचारलं होतंत, मला समोरचं दिसत नव्हतं. त्यांचं उत्तर नाही, आणि का द्यावं त्यांनी?

आईशी चार दिवस अबोला होता. पाचव्या दिवशी तिनं भाकरी थापली आणि पहिली माझ्या ताटात टाकत म्हणाली, "आता दादाचंही लिहून टाक. अर्धं झाकून अर्धं उघडं कशाला ठेवतीस?" म्हणजे कागद दोन आहेत. पहिला पोलिसांचा. त्याचा मराठी तर्जुमा सोबत जोडला आहे. दुसरा एक जानेवारी दोन हजार आठचा. तोही तसाच लिहिला आहे, रिपोर्टासारखा. आत चार माणसं. मागून हात कोणाचा आला. खिडकी कोणी वर करायला लावली. नंतर पुण्यानुमोदनात कोण काय बोललं आणि कोण गप्प राहिलं.

तो कागद मी तुला पाठवून, तू बघ काय करायचं ते, असं म्हणणार होते. मग लक्षात आलं की तू काय करशील. तू तो चार घड्या करून खणात ठेवशील. म्हणून परवाच एक प्रत श्रीधरकाकांना आणि एक आत्याला रजिस्टर पोस्टानं गेली आहे. आई अठ्ठावीसला इथून निघते. एक तारखेला बाबांच्या आठवणीसाठी घरी सगळे जमतील तेव्हा ती उभी राहून वाचणार आहे. तिला नीट वाचता यावं म्हणून मी मोठ्या अक्षरात लिहून दिलं आहे, काल तिनं दोनदा वाचून बघितलं. आता तुला माझ्यासाठी गप्प बसता येणार नाही, दादा. त्याबद्दल रागावायचं असेल तर रागाव.

एक गोष्ट तो कागद लिहीपर्यंत मी कुणालाच सांगितली नव्हती. आईलाही नाही. तिला ऐकू गेलं होतं की नाही ते मी विचारलं नाही. मी दांडी सरकवली तेव्हा तू वळला नव्हतास, रस्त्यावरची नजर काढली नव्हतीस, पण तू बोलला होतास. मी ऐकलं होतं आणि पाय शालीत घेतले होते. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तू काही बोललाच नाहीस.

"हर्षू, ते उघड गं, मला दिसत नाही."

हे तुझं वाक्य मी दुसऱ्या कागदात लिहिलं आहे. तेच आई सगळ्यांत आधी वाचणार आहे.

तुझी
हर्षू